धाब्यावर

पिंपळढवला अजून चार धाबी शिल्लक आहेत.
बाकीच्यांवर पत्रा आला, मग स्लॅब.
दरसाल वैशाख सरता सरता
धाब्यावर नवी माती टाकतात,
ती गिरणेकाठच्या पांढरीतूनच आणायची.
खारी माती, चिकट, गळू देत नाही.
तिच्यात कुणाच्या चुलीची राख मुरली आहे,
हे कुणी विचारत नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवतो.
उखर्डू अप्पांची शिडी धरायला गेलो होतो,
वर चढलो आणि टाचेला टोचलं.
काचेसारखं नाही. बोथट, हट्टी.
उपसून काढला तर कान निघाला,
कुठल्याशा भांड्याचा, मनगटाएवढा जाड,
आणि माती आपल्याकडची नव्हती.
आपलं खापर तांबडं, नाहीतर काळं.
हे वाळल्या गवताच्या रंगाचं,
त्यात काळी बारीक रेती, आणि रेतीत
बाटलीच्या काचेसारखे हिरवे कण.
गिरणेची रेती मी कागदावर पसरून पाहिली,
तापीची मामेभावाकडून मागवली.
जुळली नाही.

फोटो पाठवला धुळ्याच्या डांगरे मॅडमना.
अकराव्या दिवशी उत्तर आलं:
रोमन असावं. दोन कानांची उंच कुपी.
द्राक्षाची दारू यायची त्यातून, भडोचला उतरून,
पुढे बैलांच्या पाठीवर.
आणखी आहे का?

आणखी आहे का, मी अप्पांना विचारलं.
अप्पांनी बिडी विझवली.
"कितल्या ट्राल्या पाहिजे?"

हसलो दोघं. मग मी एकटाच गप्प झालो.
चाळीस वर्षं पांढर उकरून
गावानं डोक्यावर घेतली होती,
वीटभट्टीत भाजली, शेतात फेकली,
आणि एवढं मोठं राज्य
आम्ही अक्षरशः धाब्यावर बसवलं होतं.

भुराबाई खालून ऐकत होत्या.
देवळीतून त्यांनी काही आणलं,
काडेपेटी, सुईदोरा, हळकुंड, त्यांच्याखालून.
मातीची टिकली, रुपयाएवढी,
वर दोरा ओवायला भोक.
"दळण निवडताना सापडेल व्हतं.
हाऊ कोण शे?"

एक तोंड होतं. सरळ नाक,
डोक्याला पानांची माळ, मान जरा जाड.
भोवती अक्षरं असावीत असं वाटणारे ठिपके.

मॅडम म्हणाल्या, हे तिकडचं नाही.
तिकडचं नाणं सोन्याचं. ते इथे कुणीतरी
ओल्या मातीत दाबलं, साचा केला,
ज्यांना सोनं परवडत नव्हतं
त्यांच्या गळ्यासाठी.

म्हणजे इथला कुंभार.
ज्यानं तो राजा पाहिला नाही, समुद्रही नाही,
आणि लिपी येत नव्हती म्हणून
अक्षरांचे ठिपके केले.
मला हे ठिपके ओळखीचे आहेत.
पहिलीची पोरं फळ्यावरून नाव उतरवतात,
वाचता येत नसतं, तेव्हा असंच उतरवतात,
जीभ बाहेर काढून,
एकही ठिपका न चुकवता.

भुराबाईंना सगळं सांगितलं.
टिकली त्यांनी पदरानं पुसली,
दिव्यापाशी धरली, उलटी केली, सुलटी केली.
"मंग हाऊ अठलाच शे," म्हणाल्या
आणि सुईदोऱ्याखाली परत ठेवून दिली.
संग्रहालयाचा अर्ज माझ्या खिशातच राहिला.
आहे अजून, घडी पडून फाटत आलाय.

कान मात्र मी शाळेत नेला.
सहावीला सांगितलं, उरलेलं भांडं काढा.
कुणी माठ काढला, कुणी कॅन,
एकानं रॉकेटच.
निंबा भिलाच्या पोरीनं, चंद्राबाईनं,
भांडं काढलंच नाही.
तिनं कानाला एक माणूस जोडला होता,
वाकून बसलेला, जमिनीला कान लावून.
मी विचारलं, काय ऐकतोय गं हा?
ती म्हणाली, अजून रंगवायचं राहिलंय, सर.